पाच कणग्यांतलं धान्य

मेस्केरेम २०

अंकोबरच्या डोंगरातला पाऊस गेला एकदाचा. आज पाचही कणग्या झाडल्या, आतून शेणमातीने लिंपल्या आणि उन्हाला उघड्या ठेवल्या. रिकामी कणगी बघितली की माझं डोकं चालायला लागतं, म्हणून ही वही काढली. माझ्या मुलाची, गेताहूनची, शाळेतली आहे, मागची अर्धी कोरीच. या वर्षी तेल्ल्याची घरगुती बिअर आंबवायला कोणतं धान्य घरात ठेवायचं नि कोणतं नाही, ते एकदा कागदावर आलं की दर वेळी बाजारात उभं राहून मन बदलायला नको.

पहिल्या कणगीत काळे जव. हे चांगले करपेपर्यंत नाही, पण करपायच्या एक श्वास आधीपर्यंत भाजायचे. तेल्ल्याचा रंग नि सगळा दरारा यांच्यातूनच येतो. दुसरीत पांढरे जव, मोड आणायला. तिसरीत मोड आणून वाळवलेला गहू, तो गोडीपुरता. चौथीत नाचणी, पाचवीत ज्वारी. मका या घरात येणार नाही. मक्याचा तेल्ला गावातली दुसरी तेल्लावाली, फांताये, करते, आणि पिणाऱ्याचं पोट दुसऱ्या दिवशी तिचं नाव काढतं.

एवढं ठरवून करायचं कारण हिदार महिन्याची १२ तारीख. संत मिकाएलचा वर्षाचा सण. आमच्या चर्चच्या मंडळातल्या सगळ्या घरांना त्या दिवशी तेल्ला जातो तो या घरातून. आजीच्या वेळेपासून. आईनंतर गेली एकतीस वर्षं मी करते. एकदा जरी बिघडला तरी मान दुसऱ्या घराकडे जातो, आणि गेलेला मान परत आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. फांताये दोन वर्षांपासून आमच्या पुजारी अब्बा किन्फेंच्या मागे लागली आहे, की एकदा माझ्याही हातचा होऊन जाऊ द्या. होऊन जाऊ द्या म्हणे.

पावसाळ्याच्या शेवटी पंधरा दिवस तापाने आडवी होते, त्यामुळे कामं तुंबली आहेत. आता ठणठणीत आहे. फक्त ब्रुक्तीच्या हातचं जेवण गळ्याखाली उतरत नाही. माझी सून ब्रुक्तावित, घरात ब्रुक्ती, दिसायला नीटस, कामाला चपळ, पण जिम्माची. कॉफीच्या मुलखातली. तिच्या रश्श्यात मीठ असतं, तिखट असतं, आणि चव म्हणून काही नसतं. आज म्हटलं, "अगं, मसाला घातलास की नुसता दाखवलास?" तर माझ्या ताटाकडे बघत बसली.

मेस्केरेम २६

बाजार. देसालेनकडे काळे जव बघायला गेले. वीस वर्षं माझा व्यापारी तोच, मला इतिये, म्हणजे ताई, म्हणतो, माल ओळखीचा. पोत्यात हात घातला, मूठभर काढून तळहातावर चोळले, नाकाशी नेले. काही नाही. नुसती धूळ. दुसरं पोतं उघडायला लावलं, तेच.

म्हटलं, "देसालेन, हे मेलेले जव आहेत. यांच्यात जीव नाही."

"इतिये, गेल्या महिन्यात मळलेत. अजून शेताचा वास मारतोय."

"मला शिकवतोस?"

"तुम्हाला कोण शिकवणार?" म्हणाला, पण चेहरा पडला बिचाऱ्याचा. लोभ वाईट. तिथून उठले. घरी येऊन मोडाचा गहू तपासला, तोही तसाच मिळमिळीत. सगळा काढून बाहेर टाकायला लावला. ब्रुक्ती मला आईच म्हणते, म्हणाली, "इमाये, हा चांगला आहे." मी बघितलं तिच्याकडे. मग तिने टाकला.

म्हणजे या वर्षी गव्हाची कणगी नाही. चार पुरेत. कमी धान्य नि पक्कं धान्य.

तिकिम्त ४

आज मागच्या वर्षीचे उरलेले काळे जव भाजले आणि तव्याने दगा दिला.

मी जव भाजते ते तव्याकडे पाठ करून. आईची रीत. डोळे फसतात, चुलीच्या उजेडात सगळंच लाल दिसतं. नाक सांगेल तेव्हा उतरवायचं. मी पाठ करून तेल्ल्यात घालायची गेशोची कडू पानं निवडत बसले होते, तर ब्रुक्ती अंगणापलीकडून पळत आली आणि तवा फडक्याने धरून बाहेर नेला. सगळे दाणे कोळसा.

"काय झालं पळायला?"

"इमाये, वास रस्त्यापर्यंत आला."

"मग मला कसा नाही आला?"

लाकूड ओलं होतं, दुसरं काय. ओल्या लाकडाचा धूर सगळं झाकून टाकतो. उद्यापासून लाकूड मी स्वतः बघून घेणार.

तिकिम्त ८

ब्रुक्ती थट्टा करायला लागली आहे माझी. दुपारी कॉफीला बसलो. शेजारच्या दोघी होत्या. भाजलेले दाणे सगळ्यांपुढे फिरवतात तेव्हा मी नेहमीप्रमाणे डोळे मिटले, हाताने धूर जवळ ओढला आणि म्हटलं, वा, आज छान जमलंय. डोळे उघडले तर तव्यात हिरवे, नुसते धुतलेले दाणे. "अजून भाजायचे आहेत, इमाये," म्हणाली. हळूच म्हणाली, हसली नाही. शेजारणी जमिनीकडे बघत होत्या. एवढा पोरकटपणा या वयात बरा नाही. गेताहून रविवारी ट्रक घेऊन आला की बोलणार आहे त्याच्याशी.

तिकिम्त १२

आज मिकाएलची महिन्याची तारीख, तरी आमच्या तेल्लाघरात गिऱ्हाईक कमी. दारातल्या काठीवर पेला उलटा लावलेला आहे, म्हणजे तेल्ला तयार आहे हे आंधळ्यालाही कळावं. तरी चौघेच. गाशे तेफेरा मात्र आले. ते सत्तरीचे, म्हणून सगळ्यांचे गाशे, तीस वर्षं याच बाकावर बसतात. पहिला घोट घेतला, थांबले, पेल्यात बघितलं.

"काय झालं, गाशे?"

"काही नाही गं. जरा धूर जास्त बसलाय का?"

"वेयराच्या लाकडाचा धूर जितका जास्त तितका रांजण शुद्ध."

"बरोबर," म्हणाले, आणि पूर्ण पेला संपवला. दुसरा घेतला नाही. म्हातारपण. पूर्वी चार घ्यायचे.

बाकीचे तिघे अर्ध्यावर उठले. नंतर कळलं, फांतायेकडे गेले. मक्याचा तेल्ला प्यायला. रांजणाजवळ जाऊन मी स्वतः पेलाभर प्याले. कडू बरोबर, आंबट बरोबर. माझी जीभ शाबूत आहे. दोष असला तर धान्याचा आहे, आणि धान्य बदलणं माझ्या हातात आहे.

तिकिम्त १८

मिळालं! खालच्या गरम मुलखातला एक माणूस खेचरावर जव घेऊन आला होता. काळे, टपोरे, एकसारखे. दाताखाली घातला तर कटकन तुटला, इतका कोरडा. देसालेनचा माल याच्यापुढे उभाही राहणार नाही. पाच पोती घेतली. माणूस इतका खूश झाला, की दोरी बांधायचीही वाट न बघता खेचर हाकत निघून गेला.

ब्रुक्तीने पोतं उघडलं आणि शालीचा पदर नाकाला लावला.

"इमाये, हे पेवातलं धान्य आहे."

"कोण म्हणतं?"

"वास येतोय. जमिनीचा. कुबट."

"पेवातलं धान्य मला कळणार नाही? आमच्या जन्मात पेवं उघडताना पाहिलीत आम्ही. पेवातलं धान्य चार घरं पलीकडून सांगता येतं. तुम्ही कॉफीवाल्यांनी नाकाने कांदे सोलू नयेत."

ती रात्रीच्या जेवणाला बसली नाही. गेताहूनला फोन केला असावा, कारण त्याचा लगेच मला आला. "आई, एकदा देसालेनला दाखव ना पोतं." बायकोचा बैल झालाय माझा मुलगा.

दोन कणग्या काठोकाठ भरल्या. या वर्षीचा मिकाएलचा सण बघत राहा.

तिकिम्त २०

आज मोडाचे जव भिजत घातले. काळेच घातले, पांढऱ्यांची गरज नाही. एवढं दमदार धान्य असल्यावर भाजायलाही तेच आणि मोडालाही तेच. उद्या उपसून हिरव्या पानांत गुंडाळायचे, वर दगड. पंचवीसला पान उघडलं की पांढरे मोड वळवळताना दिसतील. हा क्षण मला इतक्या वर्षांनीही आवडतो. 

तिकिम्त २५

मोड आले नाहीत.

एकही नाही. पानं सोडली, दाणे तसेच, फुगून बसलेले. मी आधी पानांना दोष दिला, मग थंडीला. अंकोबरची थंडी काय आजची आहे? मग एक दाणा नखाने उभा चिरला. आतला कोंब तपकिरी, मेलेला.

पेवातल्या धान्याला मोड येत नाहीत. हे मला आईने सांगितलं, आईला आजीने. जमिनीखाली कोंडलेलं धान्य पोटाला चालतं, मोडाला नाही. म्हणजे ब्रुक्ती बरोबर होती. म्हणजे पोतं उघडल्यावर वास आला होता आणि तो तिला आला, मला नाही.

मी मागच्या खोलीत गेले. चुलीत वेयराचं लाकूड धुमसत होतं, रांजण धुवायला काढलेला. मी त्या धुरात तोंड घातलं. डोळे चुरचुरले, घसा बसला, खोकला आला. वास आला नाही. मग लसणाची पाकळी ठेचून नाकाला लावली. मग रॉकेलच्या डब्याचं झाकण काढलं. मग कोंबड्यांच्या खुराड्यात वाकले. काहीच नाही. सगळं पाण्यासारखं.

लिहून टाकते म्हणजे उद्या मला स्वतःशी खोटं बोलता येणार नाही. मला वास येत नाही. तापापासून येत नाही. देसालेनचे जव चांगले होते. गहू चांगला होता. ब्रुक्तीच्या जेवणाला चव आहे. गाशे तेफेरा माझ्या मानासाठी धुराचं पाणी प्याले.

आणि मिकाएलला सतरा दिवस आहेत, आणि माझ्या कणग्यांमध्ये मेलेलं धान्य आहे. मला भीती वाटते आहे.

तिकिम्त २६

सकाळी ब्रुक्तीला म्हटलं, "चल बाजारात."

"काय आणायचं?"

"ते तू सांगायचंस."

तिने लगेच शाल घेतली आणि निघाली. मला वाटतं, तिला त्या कॉफीच्या दिवशीच कळलं होतं. मी तिला थट्टेखोर म्हणाले होते.

देसालेनने मला बघितलं आणि पोत्यावर बसकण मारली. "इतिये, मेलेल्या जवांकडे पुन्हा?"

"चुकलं माझं. दे."

एवढ्या सरळ बोलण्याची त्याला सवय नव्हती, तोच गडबडला. "एकच पोतं राहिलंय. बाकी सगळं फांतायेने उचललं."

फांतायेने. काळे जव. म्हणजे ती मक्याला टाकून या वर्षी खऱ्या तेल्ल्याच्या तयारीला लागली आहे. माझ्या घरात काय चाललंय याची बातमी तिला माझ्याआधी लागलेली दिसते.

ब्रुक्तीने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळाचे दाणे काढले, चोळले, वास घेतला. माझ्यासारखाच. मी कधी शिकवलं नव्हतं, बघून शिकली असणार. "हे घ्या," म्हणाली. मग गव्हाची चार पोती नाकारली, पाचवं घेतलं. पांढरे जव घेतले. नाचणी बघून म्हणाली, "ही नको, उंदरांची आहे." देसालेनने मान खाली घातली. मला हसू आलं, किती दिवसांनी.

काळे जव एका रांजणापुरतेच. मिकाएलला दोन लागतात. ब्रुक्ती म्हणाली, एक काळ्याचा ती लावते. दुसरा पांढऱ्या जवाचा. मी म्हटलं, दुसरा मी लावणार. नाक गेलं म्हणून हात गेलेले नाहीत.

हिदार २

चुलीजवळ ठेवल्याने मोड चौथ्या दिवशीच आले, वाळले, कुटून झाले. आज गेशो नि मोडाचं पीठ पाण्यात पडलं. आता रोज वाढत जायचं: आधी भाकरीचे तुकडे, मग भाजलेलं पीठ, शेवटी पाणी नि झाकणावर मातीचा लेप.

त्याआधी दोघींचं एकदा वाजलंच. माझा रांजण धुरावर पालथा होता. ब्रुक्ती म्हणाली, "इमाये, आता उतरवा, पुरे झाला." मी म्हटलं, रांजणाचा रंग बघ, अजून बसलेला नाही. "रंग नाही, वास बघा," असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि ती तिथेच लाल झाली. मी उतरवला नाही. एकतीस वर्षांत रांजणांचे रंग मीही पाहिलेत. डोळ्यांनी काम जमवायला शिकायचं आहे मला आता, आणि मी शिकणार. शिकायला वेळ लागत नाही मला.

हिदार ७

लेप लावला. दोन्ही रांजण भिंतीशी. डावीकडे तिचा, उजवीकडे माझा.

आज ब्रुक्तीने एक सुचवलं. अकराला लेप फोडताना मंडळींसमोर मी वाकून वास घ्यायचा, नेहमीसारखा, आणि ती समोर उभी राहील. चांगला असेल तर शाल उजव्या खांद्यावर घेईल, नसेल तर डाव्या. मग मी बोलायचं. "कोणाला कळणार नाही," म्हणाली. माझा मान राहावा म्हणून पोरीने हा विचार केला. मी हो म्हटलं. चांगला उपाय आहे. कोणाच्या घरात काय, हे गावाला कशाला कळायला हवं?

हिदार ११

आज दुपारी आले सगळे. अब्बा किन्फे, गाशे तेफेरा, मंडळातल्या आठ-दहा बायका, आणि फांताये नवी पांढरी शाल घेऊन. तिचा रांजण घरी तयार आहे हे तिने आल्याआल्या दोनदा सांगितलं. लागला तर असावा म्हणून, म्हणे.

मी आधी माझा लेप फोडला. उजवा. झाकण काढलं, वाकले. तीच जागा, तोच काळोख, आणि नाकात काही नाही. वर बघितलं. ब्रुक्तीने शाल डाव्या खांद्यावर घेतली होती. तिचे डोळे भरलेले.

सगळे थांबले होते. मला एवढंच म्हणायचं होतं, "तेल्ला जमून आला आहे." एकतीस वर्षं म्हटलं आहे. माझा रांजण खराब आहे म्हणणारं त्या खोलीत कोणी नव्हतं. अब्बा मला फार मानतात आणि बाकीच्यांनी माझ्या शब्दावर मान डोलावली असती. उद्या सगळ्या घरांत धुराचं पाणी गेलं असतं आणि सगळ्यांनी गाशे तेफेरांसारखा गपचूप पेला संपवला असता.

मी सरळ उभी राहिले. म्हटलं, "मला काही कळत नाही. पावसाळ्यातल्या तापानंतर मला वास येत नाही. ब्रुक्ती, तू ये. शाल राहू दे खांद्यावर, तोंडाने सांग."

ब्रुक्ती आली. माझ्या रांजणावर वाकली आणि हळू म्हणाली, "हा नको. धूर बसलाय." मग डावीकडचा लेप फोडला, वाकली, आणि बराच वेळ तशीच राहिली. "हा द्या," म्हणाली.

अब्बांनी माझ्या रांजणातला एक घोट घेतला. "चांगला आहे की," म्हणाले. ते माझ्यासाठी खोटं बोलत होते, आणि ते पुजारी आहेत.

मग फांताये पुढे झाली. माझा चाखला, तोंड वाकडं केलं. डावीकडचा चाखला. पुन्हा चाखला. मला वाटलं आता ही बोलणार आणि सगळं जाणार. म्हणाली, "पोरीचं बरोबर आहे. हा मिकाएलचा आहे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक रांजण कमी पडेल. माझा पाठवते."

गाशे तेफेरा भिंतीला टेकून बसले होते. "अत्सेदे," म्हणाले, "आम्हाला तिकिम्तपासून माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला? तुझ्या तेल्ल्याबद्दल? मला या बाकावर अजून बसायचं होतं."

सगळे हसले. मीही.

ते गेल्यावर माझा रांजण मी एकटीने परसात उपडा केला. ब्रुक्ती मदतीला आली तर तिला जा म्हटलं. बराच वेळ लागला.

हिदार १२

आज हिदारचा धूर. सकाळपासून गावभर प्रत्येक दारात कचरा जाळला, जुन्या साथीची आठवण म्हणून, दरवर्षीसारखा. चर्चमधून येताना समोरचं माणूस दिसत नव्हतं. बायका शालीत खोकत होत्या, म्हणत होत्या, आज कोणाचं नाक चालणार नाही. म्हटलं, या, आज सगळे माझ्या पंगतीला.

मंडळ बसलं. ब्रुक्तीचा रांजण आत आणला, मागून फांतायेचा. अब्बांनी क्रूस धरला आणि आशीर्वादाआधी विचारायचं ते विचारलं, "हा हात कोणाचा?"

तेल्ला करणारी उभी राहून स्वतःचं नाव सांगते. मी सवयीने उठले. उठल्यावर लक्षात आलं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि ब्रुक्ती दाराशी खाली बघत उभी होती, घागर हातात. ती बोलणार नव्हती. मी तिथे माझं नाव घेतलं असतं तर तिने आयुष्यभर तोंड उघडलं नसतं, हे मला पक्कं कळलं. आणि खरं लिहायचं तर, क्षणभर ते नाव माझ्या जिभेवर आलं होतं.

म्हटलं, "ब्रुक्तावितचा."

अब्बांनी विचारलं, "आणि घर?"

"घर तेच."

त्यांनी तिच्या डोक्यावर क्रूस ठेवला. मला माझं एकतीस वर्षांचं उभं राहायचं ठिकाण माहीत आहे, रांजणाच्या डाव्या अंगाला, वाढणारीचं. आज तिथे ती उभी राहिली. मी बायकांच्या ओळीत, फांतायेच्या शेजारी बसले. तिने सरकून जागा दिली. ब्रुक्ती एकेकीला देत माझ्यापाशी आली आणि थांबली. तिला कळेना मला आधी द्यावा की रांगेने.

मी पेला पुढे केला आणि म्हटलं, "रांगेने."